पाळणाघराचें दार कोणासाठीं?

मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या म्हणजे वाळूवर जी गर्दी जमते तींत बायकांची संख्या लहान नसते. मासळीची निवड करणें, ती विकत घेणें, सुकविणें आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणें हीं कामें पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातीं आहेत. देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांच्या मागें डोंगरउतारावर काजूच्या बागा आहेत. त्या काजूचा गर काढण्याचें व सोलण्याचें काम करणारे बहुतेक हात बायकांचेच. पावसाळ्यांत याच बायका भाताच्या खाचरांत उतरतात. त्यांच्यांतील कित्येकींच्या घरीं लहान मूल असतें. आई कामावर असतांना तें मूल कोठें असतें व त्याच्याकडे कोण पाहतें, हा प्रश्न घरोघरचा आहे. परंतु तो कायद्याच्या पुस्तकांत शिरला तो फार उशिरां, आणि शिरला तोही आडवाटेनें.

कामावर जाणाऱ्या आईच्या मुलाची सोय सरकारनें किंवा सरकारच्या हुकुमानें करावयाची, हें एकदां मान्य झालें म्हणजे लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: ती सोय कोणाच्या मुलाची? या प्रश्नाचें उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदां बदललें. प्रथम आईच्या कारखान्यांत बायका किती आहेत हें मोजलें गेलें. मग घराचें उत्पन्न मोजलें गेलें. मग आईच्या कामाचे दिवस मोजले गेले. आणि अगदीं अलीकडे मुलाचें वय हीच कसोटी ठरली. ही कसोटी कोणीं, कां व कशी बदलली, आणि ती बदलत असतांना मालवणच्या किनाऱ्यावरील बाई प्रत्येक वेळीं दाराच्या कोणत्या बाजूस राहिली, हें पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाचा आरंभ मालवणास होत नाहीं. तो मुंबईस होतो. परंतु मालवणच्या माणसांस ती मुंबई परकी नव्हती. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईस पहिली कापडगिरणी उभारण्यास घेतली व १८५६ सालीं ती चालूं झाली. पुढें जें गिरणगांव वाढलें त्यास लागणारा मजूर मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यानें पुरविला. मालवण, देवगड व वेंगुर्ले हे भाग त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत. सावंतवाडी हें निराळें संस्थान होतें, आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. पावसाळा सरून आगबोटी चालूं झाल्या म्हणजे गांवोगांवचे तरुण बंदरावर येत व मुंबईची वाट धरीत.

यांतील बहुतेकांनीं बायको-मुलें गांवींच ठेवलीं. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर व वाट्याच्या थोड्याशा भातावर घर चाले, आणि शेत, गुरें व म्हातारीं माणसें यांचा सर्व भार घरच्या बाईवर पडे. ही बाई कामकरी आईच होती. पण तिच्या कामास मजुरी नव्हती व तिला मालक नव्हता. तिचें मूल सासूजवळ, जावेजवळ किंवा थोरल्या मुलीच्या कडेवर असे. त्या थोरल्या मुलीची शाळा त्यापायीं बुडे, हा हिशेब कोणी मांडला नाहीं. पुढें जे कायदे झाले त्यांत या बाईचें नांव कां आढळत नाहीं, याचें मूळ येथें आहे. मालकाच्या हजेरीपटावर जिचें नांव नाहीं, तिला मोजणार कोण?

ज्या बायकांना गांवीं आधार उरला नाहीं, त्यांत विधवा व टाकलेल्या बायका पुष्कळ, त्या मात्र मुंबईस आल्या; कांहीं नवऱ्याबरोबर आल्या. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारें एक पंचमांश बायका होत्या. रीळखात्यांत व वाइंडिंगखात्यांत त्यांची भरती असे आणि त्यांच्यावर देखरेख करण्यास नायकीण असे. चाळीच्या एका खोलींत सासू नव्हती, जाऊ नव्हती. कोणी मुलास गिरणींत घेऊन येई व यंत्राजवळ टोपलींत निजवी. कोणी त्यास शेजारणीकडे ठेवी. मूल रडूं नये, दिवसभर निजून राहावें, म्हणून त्याला अफूची बारीक गोळी दिली जाई. मुंबईंत तिला बाळगोळी म्हणत, आणि ती देण्याची चाल इतकी सार्वत्रिक होती कीं, १९२१-२२ च्या सुमारास कामकरी बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या बाईंना अफू न दिलेलें मूल हाच अपवाद आढळला. ज्या आयांनीं ती गोळी दिली त्या निर्दय नव्हत्या. दहा तास कामावर उभें राहावयाचें तर मूल शांत राहणें भाग होतें.

याच सुमारास शहरांतील बालमृत्यूचे आंकडे लोकांच्या डोळ्यांवर येऊं लागले. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं. या आंकड्यांत थोडा फसवेपणा आहे. कारण पुष्कळ बायका बाळंतपणास कोंकणांत किंवा घांटावर आपल्या गांवीं जात, त्यामुळें जन्म गांवीं नोंदला जाई आणि मूल दगावलें तर तो मृत्यु मुंबईच्या खातीं पडे. तथापि हा फरक वजा केला तरी उरलेली संख्या भयंकरच होती, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत ती सर्वांत अधिक होती.

असा प्रश्न जगांत प्रथमच उभा राहिला होता असें नाहीं. पॅरिस शहरांत फर्मां मार्बो या गृहस्थानें १८४४ सालीं कामकरी आयांच्या तान्ह्या मुलांसाठीं एक घर उघडलें. फ्रेंच भाषेंत गव्हाणीस जो शब्द आहे तोच त्यानें या घरास दिला, आणि तोच पुढें इंग्रजींत गेला. तेथें प्रवेशासाठीं अटी होत्या: आई गरीब असावी, ती घराबाहेर कामास जात असावी आणि तिची वर्तणूक चांगली असावी. म्हणजे धर्मादायाच्या दारांतहि पात्रतेची चौकशी होती, व ती चौकशी आईची होती. आईच्या वर्तणुकीचा दोष तान्ह्या मुलाच्या माथीं कां मारावा, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणास सुचला नाहीं. ही अट पुढें गळाली. परंतु मुलास आंत घेण्यापूर्वीं आईकडून दाखला मागण्याची रीत टिकली.

मुंबईंत हा प्रश्न धर्मादायाच्या हातून कायद्याच्या हातीं नेणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे हे गृहस्थ. त्यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि गिरणगांवांतील वस्ती जवळून पाहिली. १९२४ सालीं त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत कामकरी बायकांच्या बाळंतपणासंबंधीं बिल आणलें. तें नामंजूर झालें. मग मुंबई कायदेकौन्सिलांत आसवले यांनीं तशाच स्वरूपाचें बिल मांडलें. १९२८ सालीं त्यावर झालेल्या चर्चेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बिलास पाठिंबा दिला. आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि म्हणून हा भार खरें पाहतां बऱ्याच अंशीं सरकारनें उचलला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बिल १९२९ सालीं मंजूर झालें. बाळंतिणीस दररोज ८ आणे मिळूं लागले. पण ते द्यावयाचे मालकानें. सरकारनें कायदा केला. पैसा दिला नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं काढलेला मुद्दा, म्हणजे भार कोणाचा, हा तेथेंच राहिला, आणि पाळणाघराच्या इतिहासांत तो पुनः पुन्हां डोकें वर काढतो.

बाळंतपणाचे दिवस संपले म्हणजे मुलाचें काय, हा पुढचा प्रश्न. १९२९ सालीं नेमलेल्या शाही कामगार-कमिशनचे अध्यक्ष व्हिटले होते आणि ना. म. जोशी हे सभासदांपैकीं एक होते. १९३१ सालीं या कमिशननें अशी शिफारस केली कीं, जेथें २५० किंवा अधिक बायका काम करितात अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर ठेवणें कायद्यानें बंधनकारक करावें. तीन वर्षांनीं, १९३४ सालीं, जो कारखान्यांचा कायदा झाला त्यांत ही संख्या एकदम खालीं आली. ज्या कारखान्यांत ५० हून अधिक बायका असतील तेथें मुलांसाठीं योग्य खोली राखून ठेवावी, असे नियम करण्याची मुभा त्यानें प्रांतिक सरकारांस दिली. मुभा म्हणजे सक्ति नव्हे. सक्ति आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्यानें. हा कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागूं झाला. खोली पुरेशी, उजेडाची व हवेशीर असावी. तिच्यावर बालसंगोपनाचें शिक्षण घेतलेली बाई नेमावी. मुलांस दूध किंवा खाणें फुकट देण्याविषयीं व अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला मधून मधून सुट्टी देण्याविषयीं राज्य सरकारांनीं नियम करावे, असें त्यांत आहे. १९७६ सालीं पन्नासाचा आंकडा तिसांवर आणण्यांत आला.

२५०, मग ५०, मग ३०. वरवर पाहतां ही उतरती भांजणी समाधानाची वाटते. जसजसा आंकडा उतरला तसतशीं अधिक मुलें दाराच्या आंत आलीं असतील, असें कोणासहि वाटावें. परंतु आंकड्याच्या पोटांत एक खोड होती. पाळणाघराचा खर्च मालकाचा, आणि तो बायकांच्या संख्येवर अवलंबून. तेव्हां संख्या कमी ठेवली कीं खर्च टळतो, हा हिशेब मालकास कोणी शिकवावा लागला नाहीं. तिसाव्या बाईपर्यंत चिंता नव्हती. एकतिसावी बाई महाग पडत होती. गिरण्यांतून बायकांचें प्रमाण पुढें घटत गेलें. रात्रपाळीची बंदी, यंत्रांतील सुधारणा व पुरुषांची बेकारी अशीं त्यास अनेक कारणें आहेत. पण बायकांवर पडणारा खर्च हेंहि त्यांतील एक, असें या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. ज्या कायद्यानें आईला सोय द्यावयाची त्यानेंच तिला कामावर ठेवणें अवघड केलें. दोष हेतूचा नव्हता, मोजण्याच्या रीतीचा होता. बायका मोजल्या, मुलें मोजलीं नाहींत.

मुलें मोजण्याचा एक जुना अपवाद आहे. चहाच्या व इतर मळ्यांसाठीं १९५१ सालीं जो कायदा झाला त्यांतहि आरंभीं ५० बायकांचीच अट होती. १९८१ सालीं त्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, बायका पन्नास नसल्या तरी त्यांचीं मुलें २० असलीं तर पाळणाघर द्यावें. वीस मुलें आहेत ना, मग त्यांच्या आया चाळीस असोत वा बारा. अशी साधी गोष्ट कायद्यास सुचण्यास तीस वर्षें लागलीं.

आतां मालवणच्या किनाऱ्याकडे वळावें. रापण ओढली जाते तेथें कारखाना कोणता? पाटी घेऊन आठवडी बाजारास जाणाऱ्या बाईचा मालक कोण? काजूच्या कारखान्यांत छप्पर आहे, मालक आहे, हजेरीहि आहे. परंतु पुष्कळसे कारखाने लहान आहेत. वीस-पंचवीस बायका एका शेडमध्यें बसून काजू फोडतात व सोलतात, आणि मजुरी बहुधा काढलेल्या गराच्या वजनावर ठरते. काजूच्या टरफलांतील तेल हाताची कातडी जाळतें, म्हणून राख किंवा गोडें तेल हातास लावून काम करावें लागतें. अशा शेडमध्यें रांगणारें मूल आणणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ. तरी आंकडा पंचवीस; कायद्याचें दार तीसच्या पुढें उघडणार. याप्रमाणें मुंबईच्या रीळखात्यांतील मालवणी बाईस जें कागदावर मिळालें तें तिच्या गांवीं राहिलेल्या बहिणीस कागदावरहि मिळालें नाहीं.

मालक नसलेल्या आईचें मूल सरकारनें स्वतःच्या पैशानें सांभाळावें, हा विचार स्वातंत्र्यानंतर हळूहळू आला. १९५३ सालीं मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झालें. दुर्गाबाई देशमुख या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. १९७४ सालीं मुलांविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें, आणि त्याच्या पाठोपाठ १९७५ सालीं कामकरी व आजारी आयांच्या मुलांसाठीं पाळणाघरें चालविणाऱ्या संस्थांस अनुदान देण्याची योजना निघाली. शेतमजूर, बांधकामावरील मजूर, स्थलांतर करणारीं कुटुंबें यांचीं मुलें डोळ्यांपुढें ठेवून ती आखली होती. येथें कारखान्यांतील बायकांचा आंकडा गेला व त्याच्या जागीं घरच्या उत्पन्नाचा आंकडा आला. कुटुंबाचें मासिक उत्पन्न १८०० रुपयांपेक्षां अधिक नसावें, अशी मर्यादा या योजनेस पुष्कळ वर्षें होती. २००६ सालीं राजीव गांधी यांच्या नांवें नवी योजना सुरू झाली तेव्हां ही मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली. सहा महिने ते सहा वर्षें वयाचीं २५ मुलें, एक सेविका व एक मदतनीस, असें त्या पाळणाघराचें रूप होतें.

उत्पन्नाच्या कसोटीस आणखी एक कसोटी जोडलेली होती. आई महिन्यांतून किमान १५ दिवस किंवा वर्षांतून किमान ६ महिने कामावर असावी. शहरांतील नोकरदार बाईस ही अट सोपी वाटेल. किनाऱ्यावर तिचा अर्थ निराळा होतो. जून-जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. काजूचा बहर उन्हाळ्यांत येतो. लावणी पावसाळ्यांत व कापणी दिवाळीच्या आसपास होते. एकच बाई वर्षांत तीन धंदे करिते, आणि कोणत्याहि एका धंद्याचे दिवस मोजले तर ती कदाचित् अपुरी ठरेल. सर्व मिळून मोजले तर तिच्याइतकी कामकरी आई विरळाच. पण हे सर्व दिवस एकत्र मांडून त्याखालीं सही करणारा कोणी साहेब तिला नाहीं. २०१७ पासून ही योजना नव्या नांवानें राज्य सरकारांमार्फत चालूं लागली. तींत १२,००० रुपयांवर उत्पन्न असलेल्या कुटुंबालाहि मूल ठेवण्यास हरकत राहिली नाहीं, मात्र त्यानें दरमहा २०० रुपये द्यावे, त्याखालील कुटुंबानें १०० आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबानें २० रुपये द्यावे, असें ठरलें. उत्पन्न ही प्रवेशाची अट होती, ती फीची पायरी झाली. हा बदल लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. कारण येथून उत्पन्नावरून दार कोणासहि बंद राहिलें नाहीं.

या सर्व खटाटोपाच्या शेजारीं दुसरा एक प्रवाह वाहत होता व तो आईस कांहींच विचारीत नव्हता. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. त्यांना असें आढळलें कीं, वाडीवरील मुलें बालवाडींत येत नाहींत. तेव्हां बालवाडीच मुलांच्या आंगणांत न्यावी. आंगणांतील ही वाडी म्हणजेच अंगणवाडी. १९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आरंभिली तेव्हां हाच शब्द सबंध देशानें उचलला. या योजनेंत मुलाची पात्रता मुलाच्या वयानेंच ठरते. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं प्रत्येक वस्तीस अंगणवाडी असावी असा आदेश दिला व २००६ सालीं त्यास अधिक धार आणली: सहा वर्षांखालील ४० मुलें असलेल्या वस्तीनें मागणी केली तर तीन महिन्यांच्या आंत अंगणवाडी मिळाली पाहिजे. शेवटीं मुलेंच मोजलीं गेलीं.

मग प्रश्न सुटला कां? नाहीं, कारण अंगणवाडीची वेळ थोड्या तासांची असते. तीन वर्षांवरील मूल तेथें बसतें, खातें, गाणीं म्हणतें व दुपारीं घरीं येतें. आई बहुधा सूर्य कलल्यावर येते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्यास तर घरीं नेण्याचा शिधा तेवढा येतो. ज्या वयांत मुलास सांभाळावें लागतें त्याच वयांत तें घरीं राहतें. अंगणवाडीनें पात्रता खुली केली, परंतु आईचा दिवस मोजला नाहीं. कारखान्याच्या पाळणाघरानें आईचा दिवस मोजला, परंतु पात्रता बंद ठेवली. हे दोन प्रवाह एकमेकांस भेटले नव्हते.

मजुरीच्या कामांवर मात्र एक तडजोड निघाली. महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला, आणि त्याच कल्पनेचा विस्तार होऊन २००५ सालीं सबंध देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कायद्यांत अशी तरतूद झाली कीं, कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असतील तर त्या बायकांपैकींच एकीस मुलें सांभाळण्यास नेमावें व तिला मजुरी द्यावी. पांच मुलें! अडीचशे बायकांपासून निघालेला आंकडा पांच मुलांवर येऊन ठेपला. शिवाय मूल सांभाळणें हें मजुरीचें काम आहे, हेंहि येथें सरकारनें कबूल केलें. गांवच्या सासूनें व थोरल्या मुलीनें तें पिढ्यान् पिढ्या फुकट केलें होतें.

१ एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ति या कार्यक्रमांत पाळणा नांवाची योजना आहे. तिच्यांत वरील दोन प्रवाह एकत्र आणण्याचा यत्न आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवावें. तें महिन्यांतून २६ दिवस व दिवसांतून साडेसात तास उघडें असावें. सहा महिने ते सहा वर्षें वयाचीं २५ पर्यंत मुलें तेथें असावीं. खर्चाचा ६० टक्के भाग केंद्रानें व ४० टक्के राज्यानें उचलावा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे आई नोकरींत आहे किंवा नाहीं, हा प्रश्न विचारावयाचा नाहीं. १८४४ सालीं पॅरिसच्या दारावर जी चौकशी सुरू झाली ती या दारावर संपली. पाटी घेऊन जाणारी, काजू फोडणारी, लावणीस उतरणारी या तिघींचीं मुलें आतां एकाच शब्दानें ओळखलीं जातात: सहा महिने ते सहा वर्षें.

कारखान्यांच्या बाबतींत मात्र आंकडा उलट फिरला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनें ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस पाळणाघर सक्तीचें केलें व आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मोकळीक दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कामगार-संहितांनीं जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. त्यांतहि मोजणी स्त्री-पुरुष मिळून पन्नासांची आहे. बायकांस वेगळें मोजणें थांबलें, ही चांगली गोष्ट. आतां बाईस कामावर न ठेवून खर्च टाळतां येत नाहीं. परंतु ३५ बायका व ५ पुरुष असलेला काजूचा कारखाना जुन्या कायद्यानें पाळणाघरास बांधलेला होता. नव्या आंकड्यांत तो बसत नाहीं. किनाऱ्यावरचे लहान कारखाने पुनः दाराबाहेर राहण्याचा संभव आहे, आणि म्हणूनच त्यांतील आयांना सरकारी पाळणाघराची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे.

दार उघडें असणें व आंत जागा असणें या दोन गोष्टी निराळ्या. देशांत अंगणवाड्या सुमारें १४ लाख आहेत. पाळणाघर जोडलेल्या अंगणवाड्यांचा संकल्प १७,००० चा. म्हणजे ऐंशीपेक्षां अधिक अंगणवाड्यांमागें एक पाळणाघर, आणि प्रत्येकीं २५ मुलें धरलीं तरी सव्वाचार लाखांची सोय. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें कारखान्यांत गेलेल्या आयांसाठीं सरकारी खर्चानें पाळणाघरें उघडलीं होतीं. तेथें उत्पन्न विचारलें जात नसे. युद्ध संपलें, कारखान्यांस बायका नकोशा झाल्या, आणि १९४६ सालीं केंद्राचा पैसा थांबला. पात्रता खुली करणें सोपें असतें. ती खुली ठेवण्यास दरवर्षीं पैसा लागतो, व तो देण्याची इच्छा लागते. १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत निघालेला प्रश्न हाच होता.

मालवणच्या वाडींत आज सासू आहे, पण तिचेंहि वय झालें आहे, आणि कित्येक घरांत ती स्वतःच बाजारास जाते. थोरली मुलगी शाळेंत जाते, आणि तिनें जावेंच. मुलास सांभाळणारे जुने हात कमी झाले आहेत. योजनेचा कागद त्या आईस आतां पात्र म्हणतो. पुढचें काम गांवाचें आहे: ग्रामपंचायतीनें आपल्या वाडींतील सहा वर्षांखालीलं मुलें मोजावीं, त्यांच्या आयांच्या कामाच्या वेळा लिहून काढाव्या, आणि जवळच्या अंगणवाडीस पाळणाघर जोडून मागावें. त्याची वेळ ठरवितांना होड्या किनाऱ्यास केव्हां लागतात हेंहि विचारांत घ्यावें. दार दहा वाजतां उघडणार असेल, तर पहांटे पाटी घेऊन निघालेल्या आईचें मूल पात्र असूनहि त्या दारापर्यंत पोंचणार नाहीं.